रक्तात सोडियम १३१ आलंय, मीठ वाढवायचं की पाणी?

ओंजळ:
नमस्कार मंडळी, जरा काळजीत आहे म्हणून धागा काढतेय. आईची (वय ७२) रक्ततपासणी झाली, त्यात सोडियम १३१ आलंय. शेजारी रेंज १३५ ते १४५ छापलीय आणि आकड्यापुढे खाली जाणारा बाण. पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर सगळं रेंजमध्ये आहे. तिला बीपी बरीच वर्षं आहे, गेल्या महिन्यात गोळी बदलली, बाकी नवीन काही नाही. हल्ली सारखी थकवा थकवा म्हणते आणि चालताना एकदोनदा तोल गेला तिचा, म्हणून तर तपासणी करून घेतली.

डॉक्टरांची वेळ परवाची मिळालीय आणि तोवर घरात दोन पक्ष पडलेत. मावशी म्हणते सोडियम म्हणजे मीठच ना, ते कमी झालंय तर मीठ वाढवा. भाऊ म्हणतो बीपीच्या माणसाला मीठ कसलं वाढवताय, थकवा आहे तर पाणी भरपूर पाजा. मला दोन्हीची भीती वाटतेय. १३१ म्हणजे नक्की किती वाईट? मीठ कमी खाल्ल्याने होतं का हे? आणि डॉक्टरांना काय काय विचारू?

तिसरीघंटा:
घाबरू नका ताई. माझ्या सासऱ्यांचं १२८ झालेलं, डॉक्टरांनीच मीठ वाढवायला सांगितलं आणि छान बरे झाले.

वाचनवेडी:
वाचतेय. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे.

अर्धविराम:
मी फिजिशियन आहे, आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हा सल्ला नाही, फक्त समजून घ्यायला मदत.

आधी एक गोष्ट. ओंजळताई, तोल जातोय हे डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, परवापर्यंत थांबू नका. आणि आई गोंधळल्यासारखं बोलायला लागल्या, ओळखीच्या गोष्टी आठवेनात, सारखी झोप येतेय, उलट्या होतायत, डोकं खूप दुखतंय किंवा फिट आली तर फोनही नको, सरळ इमर्जन्सीत न्या. आकडा १३१ असो की १२१. थोडंसं कमी सोडियमसुद्धा वयस्कर माणसाची चाल बिघडवतं, आणि या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड, मग ऑपरेशन, सगळंच.

आता आकडा. १३० ते १३४ सौम्य, १२५ ते १२९ मध्यम आणि १२५ च्या खाली तीव्र अशी ढोबळ विभागणी आहे. पण आकडा एकटा वाचायचा नसतो. किती वेगाने उतरलं ते जास्त महत्त्वाचं. कोणाचं वर्षानुवर्षं १२८ असतं आणि तो माणूस चालता बोलता असतो, आणि कोणाचं एका दिवसात १४० चं १२५ होतं आणि तो बेशुद्ध पडतो. म्हणून जुने रिपोर्ट शोधा.

आणि घरातल्या वादाबद्दल: रिपोर्टमधलं सोडियम म्हणजे शरीरात मीठ एकूण किती आहे त्याचं माप नाहीच. ते प्रमाण आहे, एक लिटर रक्तद्रवात सोडियम किती. प्रमाण दोन तऱ्हांनी घसरतं, एक तर सोडियम गेलं किंवा पाणी वाढलं, आणि बहुतेक वेळा गडबड पाण्याची असते. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन सुटतं, ते किडनीला सांगतं पाणी धरून ठेव. ते नको तेव्हा सुटत राहिलं किंवा किडनीला जास्तीचं पाणी बाहेर टाकता येईना, की सोडियम उतरतं. माणूस नेहमीएवढं मीठ खात असला तरी.

गोळी बदललीय म्हणालात, तिच्या पट्टीवरची घटकांची नावं टाकाल का इथे? हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड यातलं काही आहे का बघा.

ओंजळ:
अर्धविराम, खूप धन्यवाद. फोन करतेच आत्ता. पट्टीवर टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन असं आहे. आधीच्या पट्टीवर फक्त टेल्मिसार्टन होतं!

अर्धविराम:
मग पहिला संशय तिथेच. क्लोरथॅलिडोन थायझाइड जातीतलीच, आणि या जातीच्या गोळ्या किडनीच्या ज्या भागात काम करतात नेमका तिथेच लघवी पातळ होत असते. तो भाग अडला की जास्तीचं पाणी काढून टाकायची ताकद कमी होते, शिवाय सोडियमही जातं. वयस्कर, बारीक चणीच्या बायकांना हा त्रास जास्त होतो आणि बऱ्याचदा गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच. गोळी वाईट नाहीये, बीपीसाठी उत्तम आहे, काहींना सोसत नाही इतकंच. पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, फोनवर विचारा.

जुनेपान:
+१. फोनवर "सोडियम १३१" एवढंच सांगू नका, "नवीन गोळीत क्लोरथॅलिडोन आहे आणि तोल जातोय" असं पूर्ण वाक्य सांगा. समोर कोण फोन उचलतं त्यावर बरंच असतं. माझ्या आत्याच्या वेळी आम्ही नुसता आकडा सांगितला आणि उत्तर आलं की रेंजच्या जरासंच खाली आहे, काळजी नको.

गणितीकिडा:
मी डॉक्टर नाही पण आकडेमोड करून बघितली, चुकत असेल तर सांगा. आईंचं वजन ६० किलो धरू. या वयात बायकांच्या शरीरात वजनाच्या साधारण ४५ टक्के पाणी म्हणजे २७ लिटर. आता भावाच्या सल्ल्याने एक लिटर पाणी जास्त पाजलं आणि ते किडनीने बाहेर टाकलंच नाही, तर १३१ गुणिले २७ भागिले २८, म्हणजे १२६! मावशींच्या सल्ल्याने ५ ग्रॅम मीठ जास्त दिलं तर त्यात सोडियम ८५ मिलिमोल, भागिले २७, म्हणजे फार तर ३ ने वर. म्हणजे मावशींचा पक्ष अगदीच चुकीचा नाही की.

अर्धविराम:
गणित बरोबर आहे, पाण्याचा हिशोब तर घरी सगळ्यांना दाखवावा असा आहे. मिठाच्या बाजूला मात्र शरीर गप्प बसत नाही. मीठ वाढलं की तहान लागते, माणूस पाणी पितो, आणि ते पाणी धरून ठेवलं गेलं की आकडा होता तिथेच येतो, वर बीपी आणि सूज वाढते ती वेगळी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. तेवढंच वरून दिलं तर रोजचं दुप्पट झालं.

तिसरीघंटा:
मग माझ्या सासऱ्यांना मीठ का सांगितलं? त्यांचे डॉक्टर चांगले अनुभवी आहेत, उगाच सांगणार नाहीत.

अर्धविराम:
उगाच सांगितलं नसेलच. इथेच खरी गोम आहे, एकाच आकड्याचे उपाय एकमेकांच्या उलट असू शकतात. उलट्या-जुलाबाने पाणी आणि मीठ दोन्ही गेलं असेल तर दोन्ही भरून द्यायचं, आणि त्या माणसाने नुसतं पाणीच पाणी प्यायलं तर सोडियम आणखी उतरतं. व्हॅसोप्रेसिन नको तेव्हा सुटतंय, ज्याला आम्ही एसआयएडीएच म्हणतो, न्यूमोनियात होतं, फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये होतं, काही औषधांनी होतं, तिथे पाणी मोजून आणि कधी सोबत मिठाच्या गोळ्या. पण हार्ट फेल्युअर किंवा लिव्हर सिरोसिस असेल तर पायावर सूज, पोटात पाणी, सोडियम मात्र १२८. अशा माणसाच्या शरीरात मीठ भरपूर असतं, पाणी त्याहून जास्त असतं. त्याला मीठ वाढवलं तर श्वास लागेल. तुमच्या सासऱ्यांना काय झालं होतं ते माहीत असल्याशिवाय त्यांचा उपाय दुसऱ्याला देता येत नाही.

तिसरीघंटा:
आत्ता कळलं. त्यांना जुलाब झाले होते खरे तेव्हा. मीठ सांगितलं ते डोक्यात राहिलं, जुलाब विसरले.

प्रयोगशाळेतून:
उशिरा आलो, मी लॅबमध्ये आहे. डॉक्टरांनी औषधाचं सांगितलंच, मी नमुन्याचं सांगतो कारण आकडा बघून धावपळ करायच्या आधी तो खरा आहे ना हेही बघावं लागतं.

एक, ज्या हाताला सलाइन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतलं तर रिपोर्ट रुग्णाचा न येता बाटलीचा येतो. डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) चालू असेल तर सोडियम खोटं कमी आणि साखर आभाळाला भिडलेली. आईंचं तसं काही नाही, पण ऍडमिट असलेल्या माणसांच्या नातेवाइकांनी लक्षात ठेवा, दुसऱ्या हातातून घ्या म्हणायला लाजू नका.

दोन, ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असतील किंवा रक्तात प्रोटीन खूप असेल, जसं मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, तर खोटं कमी सोडियम येतं. रक्तद्रवात साधारण ९३ टक्के पाणी असतं आणि सोडियम त्या पाण्यात असतं. मोठी मशिन्स नमुना आधी पातळ करून मोजतात आणि पाणी ९३ टक्के आहे असं धरून चालतात. चरबीने जागा अडवली की पाणी कमी भरतं आणि हिशोब चुकतो. ब्लड गॅसचं मशिन नमुना पातळ न करता मोजतं, त्याच्यात ही चूक होत नाही. म्हणून शंका आली की डॉक्टर त्यावर करून बघायला सांगतात.

तीन, साखरेच्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं, त्यातलं रक्त सोडियमसाठी वापरलं गेलं तर आकडा खोटा वाढतो. रक्ताच्या पेशी फुटल्या तर पोटॅशियमचा घोळ होतो, सोडियमला तितकासा फरक पडत नाही. उपाशीपोटीची गरज नाही.

आणि रेंजबद्दल, निरोगी लोकांतल्या साधारण ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात ती रेंज. म्हणजे धडधाकट माणसांतही थोडे बाहेर येणारच. १३६ चं १३४ झालं यात नुसता मोजणीतला फरकही असू शकतो. १३८ चं १३१ झालं तर मात्र तो फरक खरा धरायचा.

कोवळीउन्हं:
किती छान समजावलंत! माझ्या रिपोर्टवर मिलिइक्विव्हॅलंट लिहिलंय आणि नवऱ्याच्या रिपोर्टवर मिलिमोल, मग तुलना कशी करायची?

प्रयोगशाळेतून:
सोडियमसाठी दोन्ही आकडे सारखेच, कारण त्याच्यावर विद्युतभार एकच असतो. कॅल्शियमला तसं चालत नाही, तिथे मिलिइक्विव्हॅलंटचा आकडा मिलिमोलच्या दुप्पट येतो.

मध्यान्ह:
माझ्या वडिलांची साखर ५०० गेली होती तेव्हा सोडियम १२८ आलं. आम्ही सगळे घाबरलो पण तिथले डॉक्टर म्हणाले सोडियमकडे बघू नका, साखर उतरू दे. तसंच झालं, साखर उतरली आणि सोडियम आपोआप वर आलं. हे कसं काय?

गणितीकिडा:
हे मी वाचलंय! साखर पेशींतलं पाणी बाहेर ओढते, त्यामुळे रक्त पातळ होतं. १०० च्या वर दर १०० साखरेमागे १.६ मिळवायचे. म्हणजे ४ गुणिले १.६, ६.४. १२८ चं १३४ झालं. दुसऱ्या हिशोबात १.६ च्या जागी २.४ घेतात, मग १३७ च्या वर जातं. दोन्हीपैकी बरोबर कुठलं?

अर्धविराम:
१.६ चा आकडा १९७३ चा, गणिताने काढलेला. १९९९ मध्ये निरोगी लोकांची साखर मुद्दाम वाढवून प्रत्यक्ष मोजलं तेव्हा सरासरी २.४ आली, आणि साखर ४०० च्या वर गेली की फरक आणखी वाढतो असं दिसलं. वडिलांच्या बाबतीत कुठलाही घ्या, अर्थ एकच निघतो, सोडियम सांगताना साखर सोबत सांगायलाच हवी.

बेचाळीसकिलोमीटर:
भावाच्या पाण्याच्या सल्ल्यावरून लिहितो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं आणि तिघांचं १२० किंवा त्याखाली. धडधाकट, तरुण माणसं! आणि सगळ्यात ठळक गोष्ट कोणती, तर धावताना ज्यांचं वजन वाढलं त्यांना हे झालं, म्हणजे घामाने गेलं त्याहून जास्त पाणी प्यायले. आमच्या ग्रुपमध्ये मी नवीन मुलांना कायम सांगतो, तहान लागेल तसं प्या, घड्याळ लावून पिऊ नका. स्पोर्ट्स ड्रिंकनेही सुटका नाही, त्यात सोडियम रक्तापेक्षा कितीतरी कमी असतं.

गोष्टवेल्हाळ:
मला इथे एक भर घालावीशी वाटते कारण ही गोष्ट कोणी बोलत नाही. मी नैराश्यासाठी एसिटालोप्राम सुरू केलं आणि काही आठवड्यांनी डोकं जड, मळमळ, कशातच लक्ष लागेना. सगळ्यांना वाटलं आजारच वाढलाय, मलाही तसंच वाटायला लागलं. मग एका ज्युनियर डॉक्टर मुलीने सोडियम करायला सांगितलं, ते १२७ निघालं! औषध बदललं, पाणी काही काळ मोजून घेतलं आणि मी माणसात आले. त्या मुलीचे मी आजही मनापासून आभार मानते. कोणी ही औषधं घाबरून सोडू नका, मला त्यांनीच आधार दिलाय. पण वय जास्त असेल किंवा सोबत बीपीची ती थायझाइड गोळी असेल तर सुरू केल्यावर एकदा सोडियम बघा असं आपणहून विचारा.

अर्धविराम:
गोष्टवेल्हाळ, फार मोलाचा प्रतिसाद. त्याच यादीत फिट्सची कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून देतात ती डेस्मोप्रेसिन हीसुद्धा धरा.

जुनेपान:
मी एक विचारू? आत्याला ऍडमिट केलं तेव्हा सोडियम ११२ होतं. आम्ही म्हणत होतो सलाइन लावा, आजच्या आज भरून काढा, आणि डॉक्टर म्हणत होते हळूहळू. दर काही तासांनी रक्त घ्यायचे, आम्हाला वाटायचं बिल वाढवतायत. भांडण व्हायची पाळी आली होती.

अर्धविराम:
तुमचे डॉक्टर आत्याला वाचवत होते. सोडियम सावकाश उतरलं असेल तर मेंदूच्या पेशी आपल्यातले क्षार बाहेर टाकून त्या पातळ रक्ताशी जुळवून घेतात, त्याला दोनेक दिवस लागतात. मग अचानक वर आणलं तर त्या आक्रसतात आणि मेंदूच्या बुंध्यातल्या मज्जातंतूंवरचं आवरण निघून जाऊ शकतं. १९५९ मध्ये हा आजार पहिल्यांदा लिहिला गेला. भयंकर प्रकार असतो, सोडियम बरं झालेलं असतं आणि दोनचार दिवसांनी माणसाला बोलता येत नाही, गिळता येत नाही, हातपाय हलत नाहीत. म्हणून २४ तासांत ८ ते १० च्या वर चढवत नाहीत आणि ते पाळायला सारखं रक्त तपासावंच लागतं. फिट्स येत असतील तर ३ टक्क्यांचं सलाइन थोडं, पटकन देतात, ४ ते ६ ने वर आलं की धोका टळतो, मग पुन्हा सावकाश.

आणि साधं सलाइन सगळ्यांना चालत नाही. त्यात सोडियम १५४ आहे, म्हणजे ते भरून येईल असं वाटतं, पण एसआयएडीएचमध्ये किडनी त्यातलं मीठ घट्ट लघवीतून टाकून देते आणि पाणी ठेवून घेते. आकडा आणखी खाली!

जुनेपान:
हे तेव्हा कोणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. घरच्यांना हातात छापील कागद द्यायला हवा याचा.

मिश्कीलमांजर:
धाग्यावरचे सगळे खाल्ल्या मिठाला जागले, माफक प्रमाणात :)

ओंजळ:
सगळ्यांचे आभार कसे मानू! अपडेट देते. फोनवर पूर्ण वाक्य सांगितलं (जुनेपान, थँक यू) तर लगेच त्याच संध्याकाळी बोलावलं. जुन्या फायली उपसल्या, आधीचे दोन रिपोर्ट १३९ आणि १३८ सापडले. डॉक्टरांनी पायावर सूज बघितली, उभं करून बीपी बघितलं, रक्ताची ऑस्मोलॅलिटी (म्हणजे किती घट्ट किंवा पातळ आहे ते), लघवीची ऑस्मोलॅलिटी, लघवीतलं सोडियम, थायरॉइड आणि सकाळची कॉर्टिसोल (ऍड्रिनल ग्रंथीचं हार्मोन) लिहून दिली. ती गोळी थांबवून दुसरी दिली. पाणी तहानेपुरतंच म्हणाले. लघवीचे रिपोर्ट आलेत पण मला काही कळत नाहीयेत: रक्ताची २७०, लघवीची ३८०, लघवीतलं सोडियम ५२.

अर्धविराम:
रक्ताची नेहमी २७५ ते २९५ असते. २७० म्हणजे रक्त खरंच पातळ झालंय, चरबी किंवा साखरेचा खेळ नाही. रक्त इतकं पातळ असताना किडनीने लघवीही अगदी पातळ, १०० च्या खाली करायला हवी होती. ३८० म्हणजे ती पाणी सोडायला तयार नाही. लघवीतलं सोडियम ३० च्या खाली असतं तर शरीर मीठ वाचवतंय असं म्हटलं असतं, जुलाबात किंवा हार्ट फेल्युअरमध्ये तसं असतं. ५२ हे थायझाइडशी जुळतं, एसआयएडीएचशीही जुळतं, आणि गोळी चालू असताना घेतलेल्या लघवीवरून ते दोन वेगळे करणं अवघड. थायरॉइड, कॉर्टिसोल नॉर्मल आले आणि गोळी थांबवल्यावर आकडा वर आला तर उत्तर मिळालं. पुन्हा तपासणी कधी सांगितलीय?

ओंजळ:
याच आठवड्यात पुन्हा आणि मग दोन आठवड्यांनी. भाऊ आता रोज विचारतो किती ग्लास झाले म्हणून.

वाचनवेडी:
सगळं कमी सोडियमवरच चाललंय म्हणून विचारते. आमच्या आजी अंथरुणाला आहेत, त्यांचं १५२ आलंय. मीठ तर जवळजवळ बंदच आहे त्यांचं.

अर्धविराम:
१४५ च्या वर सोडियम जाण्याचं मुख्य कारण पाणी कमी पडणं. एरवी तहान इतकी जबरदस्त असते की हातात पाणी घेता येणाऱ्या माणसाचं सोडियम फारसं वाढत नाही. वाढतं ते तान्ह्या बाळांचं, अंथरुणाला खिळलेल्यांचं, गोंधळलेल्यांचं, ज्यांना मागता येत नाही त्यांचं. ताप, जुलाब, नळीतून घट्ट फीड, वाढलेली साखर, हे बघावं लागेल. लघवी पाण्यासारखी आणि खूप होतेय का तेही बघा, लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध चालू असेल तर तसं होतं. १५२ ला आजच डॉक्टरांशी बोला, आणि गिळताना ठसका लागत असेल तर घाईने तोंडातून पाणी ओतू नका.

वाचनवेडी:
ठसका लागतोच त्यांना. लगेच फोन करते.

ओंजळ:
आईचं १३५! थायरॉइड आणि कॉर्टिसोल नॉर्मल. चालणं बरंच सुधारलंय, काल जिना एकटीने उतरली. डॉक्टरांनी फाइलवर लाल शाईने लिहिलंय, थायझाइड देऊ नये.

गोष्टवेल्हाळ:
वा वा! फार आनंद झाला. ती ओळ तिच्या पर्समध्येही एका चिठ्ठीवर ठेवा, वेगळ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर फाइल घरीच राहते.

प्रयोगशाळेतून:
आणि पुढचे रिपोर्ट शक्यतो एकाच लॅबमधून करा, म्हणजे एकदोन आकड्यांच्या फरकाने पुन्हा जीव घाबरणार नाही.